पावणेतीन इंच

साइमी रौटिओचा उजवा हात मनगटापासून गेला तेव्हा ती चौतीस वर्षांची होती. गिरणीत लाकडाचे पापुद्रे कापणाऱ्या पात्याखाली गेला. मी त्याच गिरणीत यंत्रं दुरुस्त करायचो. पातं थांबवलं ते मीच, आणि तिला गाडीत घालून तीस मैलांवरच्या दवाखान्यात नेलं तेही मीच. वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "रेइनो, खड्डे चुकव जरा, डोकं आपटतंय माझं." हाताबद्दल एक अक्षर नाही.

चार महिन्यांनी ती कामावर परतली, तर साहेबांनी तिला फाटकाजवळच्या खोलीत बसायला सांगितलं. आल्यागेल्याची नावं लिहायची.

"लिहायचा हात तुमच्या पात्यानं खाल्ला," साइमी म्हणाली. "डोळे शाबूत आहेत. मला पापुद्रे पारखायला बसवा."

साहेब नको म्हणाले. दुसऱ्या दिवशी ती पारखणीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. आठवडाभरात साहेबांच्या लक्षात आलं की बाईनं बाजूला काढलेल्या प्रत्येक पापुद्र्यात खरोखरच गाठ किंवा चीर असते. मग तिला कुणी उठवलं नाही.

आमच्याकडे, सुपीरियर सरोवराच्या या काठाला, नोव्हेंबरची पंधरा तारीख उजाडली की माणसं दोनच जातींची उरतात: हरणाच्या मागे रानात गेलेली, आणि जायला मिळालं नाही म्हणून चरफडणारी. साइमी पहिल्या जातीची. तेराव्या वर्षापासून बापाची बोल्टची, म्हणजे दर गोळीला हातानं भरायची, रायफल घेऊन जायची. हात गेल्यावर पहिल्या हंगामात तीच रायफल डाव्या खांद्याला लावून गेली. पुढचा भार उजव्या हाताच्या उरलेल्या खुंटावर, चाप डाव्या बोटानं. पहिली गोळी सुटायची. पण दुसरीसाठी रायफल मांडीवर घ्यायची, डावा हात पलीकडे नेऊन बोल्ट उचलायचा, ओढायचा, ढकलायचा, परत खांद्याला लावायची. "तोवर हरीण विस्कॉन्सिनात जाऊन जेवायला बसतं," ती म्हणायची.

म्हणून तिनं सेमी-ऑटोमॅटिक घेतली. आम्ही नुसतं 'ऑटो' म्हणतो. गोळी सुटली की तिच्याच वायूच्या दाबानं बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि पुढचं काडतूस आपोआप आत सारतो. माणसानं फक्त चाप ओढायचा. पुंगळ्या उजव्या बाजूला उडतात, त्यामुळे साइमीच्या कोटाच्या उजव्या बाहीवर कायम भाजल्याचे बारीक डाग असायचे.

रायफल तिनं टेबोच्या दुकानातून घेतली. टेबोनं काचेवर पाटी लावली होती: 'शंभर यार्डांवर एका इंचात, हमखास!' साइमीनं तीन आठवडे ती रायफल चालवली आणि भोकं पडलेला पुठ्ठा घेऊन दुकानात गेली. शनिवार होता, दुकानात गर्दी. मी खिळे घ्यायला गेलो होतो.

"टेबो, हे मोज."

टेबोनं सगळ्यांत लांबच्या दोन भोकांना पट्टी लावली. "अं... तीन. तीनला थोडं कमी."

"आणि पाटीवर?"

"अगं साइमी, पाटी म्हणजे काय, पाटी असते. रायफल परत करायचीय का तुला?"

"रायफल चांगली आहे. खोटी पाटी आहे. ही बंदूक पाच गोळ्यांत अडीच-तीन इंच फेकते, आणि हरणाला तेवढं पुरतं. तेच लिही."

"असं लिहिलं तर घेईल कोण?"

"मी घेतली असती," साइमी म्हणाली.

टेबोनं पाटी काढली. नवी लावली नाही, पण ती जुनी काढली, आणि त्या दिवसापासून आमच्या गावात साइमीच्या रायफलीला 'तीन इंची' नाव पडलं. ते ठेवणारा हार्लन डुफेक. लाकूड वाहायचा ट्रक चालवायचा, आवाज मोठा, मनानं वाईट नव्हता, पण कुणी चार लोकांत पडलं की त्याला उभारी यायची.

आमच्या क्लबात तेव्हा एकवीस सभासद. कागद कंपनीची दीड मैल लांब-रुंद जमीन भाड्यानं घेतलेली, मध्ये एक लाकडी खोपटं, चूल, कॉफीची किटली, मागे वाफेच्या आंघोळीचं सौना. प्रत्येकाकडे फाटकाची एक किल्ली. साइमी तिथं बापाच्या जागेवर आली होती, एकुलती एक बाई. अध्यक्ष वेर्नर स्टेनबर्ग. साठीला आलेला, सरळ पाठीचा स्वीड, कमी बोलणारा. त्यानं कधी कुणाचं हरीण स्वतःचं म्हणून सांगितलं नाही आणि कुणाला सांगू दिलं नाही.

एकोणीसशे चौसष्टच्या हंगामात कुणाचा तरी पाहुणा ऑटो घेऊन क्लबाच्या जमिनीवर आला आणि त्यानं एका नर हरणाच्या दिशेनं धडाधड पाच गोळ्या झाडल्या. एक लागली, पोटात. तो नर स्टेनबर्गला तिसऱ्या दिवशी दलदलीत सापडला. अजून जिवंत होता. स्टेनबर्गनं त्याला संपवलं, खोपट्यात आला आणि कॉफीही घेतली नाही. पुढच्या सप्टेंबरच्या बैठकीत त्यानं उभं राहून ठराव मांडला: क्लबाच्या जमिनीवर ऑटो बंद.

"त्या बंदुका नेम धरत नाहीत," तो म्हणाला. "आणि नेम धरत नाहीत म्हणून माणूस जास्त गोळ्या झाडतो. मला पुन्हा तसं हरीण बघायचं नाही."

साइमी मागच्या बाकावर होती. "नेम बंदूक धरत नाही, वेर्नर. माणूस धरतो. पण माझी बंदूक काय फेकते ते मला माहीत आहे. तुला माहीत नसेल तर मोज."

"मोजू या," स्टेनबर्ग म्हणाला. "ऑटोवाल्यांनी पाच गोळ्या माराव्यात. शंभर यार्ड. चार इंचांत बसल्या तर मी ठराव मागे घेतो."

हार्लन ओरडला, "तीन इंचीला चार इंच? बाईला एक इंच बक्षीस!" सगळे हसले. साइमीही हसली.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुरुमाच्या खाणीत टेबल मांडलं. पुठ्ठे मोजायचं काम माझ्याकडे. गिरणीतला माझा पोलादी मोजकाटा कागदाच्या जाडीइतका फरक दाखवायचा. क्लबात ऑटो चारच. तिघांच्या गोळ्या पाच-सहा इंचांत विखुरल्या. तिघांनी खांदे उडवले. घरी जुन्या बोल्टच्या रायफली होत्याच. साइमी शेवटची.

पाच गोळ्या झाल्यावर मी पुठ्ठ्याजवळ गेलो. चार भोकं अडीच इंचांत, सुरेख पुंजका. पाचवं एकटंच वर, बाजूला पडलेलं. सगळं मिळून सव्वापाच.

मी ते मोठ्यानं वाचलं. न वाचून करतो काय.

"सव्वापाच!" हार्लन म्हणाला. "नाव बदलायला लागणार!"

स्टेनबर्ग टेबलाशी आला. "साइमी, वाईट वाटतं."

"वाटून घेऊ नकोस. ते वरचं भोक कितव्या गोळीचं?" तिनं मला विचारलं.

मी दुर्बिणीतून एकेक गोळी पाहत होतो. "पहिल्या."

 तिनं पुठ्ठा माझ्या हातातून घेऊन काखेत मारला. "वेर्नर, मतदान हंगामाच्या आधीच्या रविवारी ठेव. त्याच दिवशी मी परत मारीन. आणि सगळे मारतील. एकवीसच्या एकवीस. टेबलावर वाळूच्या पिशव्या ठेवून नाही. रानात जसे बसता तसे बसून."

"सगळ्यांनी कशाला?" हार्लन म्हणाला. "संशय ऑटोवर आहे."

"नियम हरणासाठी आहे ना? मग हरणाला काय फरक पडतो, पोटातली गोळी कुठल्या बंदुकीची ते?"

 "सगळे मारतील," स्टेनबर्ग म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी साइमीच्या घरी गेलो. मला वाटलं होतं, समजूत घालावी लागेल. ती स्वयंपाकघरात टेबलावर रायफल उलगडून बसली होती, आणि तिचा नवरा ओन्नी वेलदोड्याचा पाव कापत होता. ओन्नी मितभाषी. मला कॉफी ओतली आणि म्हणाला, "बस. ती चिडली नाहीय. म्हणजे कठीण आहे."

"वेर्नरचं बरोबर आहे," साइमी म्हणाली.

"काय?"

"पहिली गोळी वर गेली. हरणाला पहिलीच लागते, रेइनो. बाकीच्या चार एकाच भोकात गेल्या तरी काय उपयोग? माझ्या बंदुकीचा पुंजका चांगला, पण पहिली गोळी त्याच्याबाहेर. ही गोष्ट मला माहीत नव्हती. माहीत असायला हवी होती."

मग आम्ही दोघांनी शोधायला सुरुवात केली. हे काम मला आवडायचं; यंत्र खोटं बोलत नाही, फक्त पटकन सांगत नाही. मी तिला पहिलं काडतूस भरायला सांगितलं. तिनं दस्ता मांडीवर टेकवला, डावा हात वरून पलीकडे नेऊन बोल्टचा खटका मागे ओढला आणि आवाज होऊ नये म्हणून हातानंच हळूहळू पुढे नेऊन बसवला.

"परत कर," मी म्हणालो.

तिनं परत केलं, आणि अर्ध्यावर थांबली. तिला माझ्या आधी कळलं.

बाकीची चार काडतुसं रायफल स्वतः भरते, धाडकन. पहिलं साइमी भरते, लाडानं. काडतूस नळीतल्या आपल्या घरात वेगळं बसतं, बोल्ट वेगळा अडकतो, आणि गोळी वेगळीकडे जाते. पहिली गोळी आणि बाकीच्या चार या जणू दोन वेगळ्या बंदुकांमधून सुटत होत्या.

"म्हणजे खटका पूर्ण मागे ओढून सोडून द्यायचा," ती म्हणाली. "आवाज झाला तर झाला. पहाटे बसल्या बसल्या करून घ्यायचा."

दुसरी गोष्ट तिच्या पट्ट्याची. रायफलीचा पुढचा भाग खुंटावरून घसरू नये म्हणून तिनं स्वतः चामड्याचा पट्टा शिवला होता. तो पार पुढे बांधलेला, आणि ओढ बसली की पुढचं लाकूड नळीला टेकायचं. अशा रायफलीची नळी त्या लाकडाच्या आणि वायूच्या नळकांड्याच्या सोबतीत असते; बोल्टच्या रायफलीसारखी मोकळी सोडता येत नाही. कुठं तरी दाब बदलला की नेम बदलतो. पट्टा आम्ही मागे, मॅगझिनजवळ आणला. पुढचा स्क्रू कधी सैल, कधी घट्ट असायचा. तो किती वळवायचा त्याची खूण मी लाकडावर पेन्सिलीनं केली. आतलं तेल पुसून काढलं, कारण आमच्या थंडीत ते काकवीसारखं घट्ट होतं.

आणि मग तिनं जे केलं ते मी अजून कुणाला करताना पाहिलेलं नाही. रोज पहाटे, कामावर जाण्याआधी, ती खाणीत जायची. थंड नळी, बर्फाळ काडतूस, बसलेली बैठक. एक गोळी. फक्त एक. मग घरी. दुसऱ्या दिवशी त्याच पुठ्ठ्यावर दुसरी. दहा दिवस, दहा पहाटा, त्यातल्या तीन वाऱ्याच्या आणि एक गारांची. दहाव्या दिवशी तिनं पुठ्ठा माझ्यासमोर ठेवला.

मी काटा लावला. दोनदा लावला.

"पावणेतीन," मी म्हणालो. "दहा पहिल्या गोळ्या, पावणेतीन इंच."

"हं," साइमी म्हणाली. "हा माझ्या बंदुकीचा खरा आकडा. आता एक इंच म्हणणाऱ्यालाही सांगता येईल आणि सव्वापाच म्हणणाऱ्यालाही."

नोव्हेंबरच्या त्या रविवारी खाणीत बर्फ घोट्यापर्यंत होतं. एकवीस जण ओळीनं बसले, आणि गंमत अशी की आजवर सगळ्यांनी टेबलावर कोपरं टेकूनच नेम जुळवलेले. बर्फात, कोट घालून, गुडघ्यावर कोपर ठेवून शंभर यार्डांवर मारायचं म्हटल्यावर एकेकाचा चेहरा बदलला. स्टेनबर्गनं दोन इंचांत पाच बसवल्या. त्याच्याकडून तेच अपेक्षित होतं. माझे साडेतीन आले आणि मी खुश झालो. साइमीनं खटका ओढून सोडला, तो आवाज भिंतीवर आपटून परत आला. पाच गोळ्या, दोन गोळ्यांमध्ये नळी निवेपर्यंत थांबत. सव्वातीन.

सहा जण नापास झाले. सहाच्या सहा बोल्टवाले. हार्लनचे सात इंच.

"माझा बूट घसरला," हार्लन म्हणाला.

"रानात बूट काढून बसतोस का?" साइमी म्हणाली. या वेळी कुणी हसलं नाही. तिथंच मला समजायला हवं होतं.

खोपट्यात आलो. चूल पेटलेली, ओले हातमोजे वर टांगलेले, कुणाच्या तरी बायकोनं दिलेल्या मांस-बटाटा भरलेल्या गरम पेस्ट्या टेबलावर, आणि कुणी त्यांना हात लावत नव्हतं. स्टेनबर्ग उभा राहिला.

"मी म्हणालो होतो की चार इंचांत बसल्या तर ठराव मागे घेईन. मागे घेतो."

"मग मी मांडतो," हार्लन म्हणाला. "तोच. ऑटो बंद."

चिठ्ठ्या टाकल्या. बाजूनं अकरा, विरुद्ध दहा. ठराव झाला.

मी मतं दोनदा मोजली. साइमीनं काय चूक केली होती? तिनं सहा माणसांना त्यांचे स्वतःचे पुठ्ठे दाखवले होते. ती मतं बंदुकीवर पडलीच नव्हती.

स्टेनबर्गला हे पटलं नव्हतं. तो नियम पाळणारा माणूस. झालेलं मतदान त्याला मोडता येत नव्हतं. पण त्याला वाट सापडली, आणि त्यानं ती मनापासून पुढे केली.

"क्लबाच्या घटनेप्रमाणे अध्यक्षाला सवलत देता येते," तो म्हणाला. "साइमीच्या हाताकडे बघता, मी तिला सवलत देतो. तिची रायफल चालेल. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. हार्लन तर लगेच म्हणाला, "अर्थात! साइमीला कोण अडवतंय?" सगळ्यांना एकदम मोकळं वाटलं. कुणीतरी पेस्टीही उचलली.

साइमी उठली.

"कशाकडे बघता?"

"अगं, हाताकडे..." स्टेनबर्ग म्हणाला.

"हात गेल्याला चार वर्षं झाली. चार वर्षांत कुणी बघितलं नाही, आज बघताय? मी सव्वातीन मारले. रेइनोनं मोजले. ते चारच्या आत आहेत की बाहेर?"

"आत."

"मग माझी बंदूक चांगली आहे म्हणून चालेल असं लिहा. चांगली नसेल तर बंद करा. वाईट आहे पण बाई लुळी आहे म्हणून चालू दे, हे मला नको. मी हरणाला काय सांगू, माझ्याकडे सवलत आहे?"

"साइमी, हा नियम आहे. माझ्या हातात एवढंच आहे."

"ठाऊक आहे. तुझ्यावर राग नाही, वेर्नर. तू दलदलीत जे बघितलंस त्याचा तुला त्रास झाला, आणि तू मोजायला तयार झालास. तू एकटाच." तिनं डाव्या हातानं गळ्यातली किल्ली ओढून काढली. दोरी केसांत अडकली. एका हातानं सोडवायला वेळ लागला, आणि कुणाची उठून मदत करायची हिंमत झाली नाही. तिनं किल्ली पेस्ट्यांच्या ताटाशेजारी ठेवली. "अकरा जणांनो, तुमचे पुठ्ठे घरी भिंतीला लावा. रोज बघा."

बाहेर ओन्नी ट्रक सुरू करून बसला होता.

मी माझी किल्ली त्या वेळी ठेवली नाही. हे सांगायलाच हवं. विरुद्ध मत दिलं होतं, तिच्या बाजूचा होतो, तरी तिथं बसून राहिलो आणि पेस्टी खाल्ली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेनबर्गच्या घरी जाऊन किल्ली दिली आणि साइमीकडे गेलो. तिनं दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "रेइनो, तुझा काटा बारीक मोजतो, पण मागे चालतो. ये आत."

त्या हंगामात आम्ही तिघं सरकारी जंगलात गेलो. जागा परकी, हरणांच्या वाटा माहीत नाहीत. साइमीला दहा दिवस काही मिळालं नाही. आठव्या दिवशी मोकळ्या माळावर एक मोठा नर आला, दहा फाट्यांची शिंगं. मी तिच्या शेजारी होतो. अडीचशे यार्ड असावेत. तिनं दुर्बिणीतून त्याला भरपूर वेळ बघितलं आणि रायफल खाली घेतली. नर चालत निघून गेला.

ही बातमी गावात कशी पोचली देव जाणे, बहुतेक माझ्यामुळेच. कॉफीच्या दुकानात हार्लननं गाठलंच.

"काय साइमी, ऐकलं दहा फाट्यांचा सोडलास! हातात खरी रायफल असती तर?"

"माझी बंदूक शंभरवर पावणेतीन फेकते," साइमी म्हणाली. "अडीचशेवर सात. त्यात माझा हात, वारा, थंडी. हरणाची काळीज-फुप्फुसाची जागा किती मोठी असते रे? ताटलीएवढी. बसेलही, नाहीही. मी 'बसेलही'वर चाप ओढत नाही." तिनं कॉफीचा घोट घेतला. "शंभरवर तुझे सात. अडीचशेवर किती होतात? हिशोब कर. मी थांबते."

हार्लननं हिशोब केला नाही. पण त्याच्या शेजारच्या दोघांनी मनात केलेला दिसला.

अकराव्या दिवशी, सकाळी नवाच्या सुमाराला, देवदारांच्या कडेनं एक नर आमच्यापासून सत्तर पावलांवर आला. साइमीनं चाप ओढला. गोळी लागली, पण नर त्याच क्षणी वळला होता, त्यामुळे हवी होती त्याच्या चार बोटं मागे. तो उसळला. आणि तिथं मला कळलं की ती त्या बंदुकीसाठी इतकी का भांडली. तिचा गाल दस्त्यावरून हलला नाही. पुंगळी बाहीवर पडली, नर दुसरी उडी घ्यायच्या आत दुसरी गोळी सुटली, आणि तो पुढच्या पायांवर बसला आणि आडवा झाला. सगळं मिळून दोन श्वासांत. जुन्या रायफलीनं तो दलदलीत गेला असता.

ती त्याच्याजवळ जाऊन बसली. हातमोजा दातांनी काढून तळहात त्याच्या मानेवर ठेवला. 

"पहिली मागे लागली," ती म्हणाली. "ते कुणी विचारलं तर तसंच सांग."

चार वर्षांनी क्लबानं नियम काढून टाकला. निम्म्या सभासदांचे जावई ऑटो घेऊन यायला लागले होते, दुसरं कारण नाही. साइमीला पत्र आलं, परत या म्हणून. तिनं एका ओळीचं उत्तर पाठवलं: त्या दिवशीचा निर्णय चुकीचा होता असं वहीत लिहा, मग येते. त्यांनी लिहिलं नाही, ती गेली नाही. ओन्नी म्हणाला, "जाऊ दे ना आता." ती म्हणाली, "मी कुठं धरून ठेवलंय? त्यांनीच धरलंय."

दर ऑक्टोबरात ती सरकारी खाणीत टेबल मांडायची. कुणीही यावं, कुठलीही बंदूक आणावी. मी मोजायचो, ती पुठ्ठ्यावर आकडा लिहून द्यायची. लोक वीस-वीस मैलांवरून यायचे, कारण दुकानात गोड आकडा मिळायचा आणि इथं खरा. कुणाची ऑटो चार इंच फेकायची, तर ती सांगायची, स्क्रू बघ, काडतूस बदलून बघ, नळी निवू दे. तरी चारच आले तर म्हणायची, "चार. म्हणजे शंभर-सव्वाशेच्या पुढे मारायचं नाही. त्यात लाज कसली? लाज न मोजण्यात."

एका वर्षी, रांग संपत आल्यावर, स्टेनबर्ग आला. सत्तरी ओलांडलेला. खांद्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं जोराचा धक्का बसेल अशी रायफल चालवायला मनाई केली होती. त्याच्या हातात टेबोकडून घेतलेली नवी ऑटो होती. तिचा धक्का मऊ असतो. साइमीनं बंदुकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मला वाटलं, आता त्याला सुनावणार.

"किती फेकेल?" स्टेनबर्गनं विचारलं.

"अडीच ते तीन. त्याहून कमी हवं असेल तर चुकीच्या रांगेत आलास. बस."

तो बसला, गुडघ्यावर कोपर ठेवून. पहिलं काडतूस त्यानं हळूच, हातानं सारून भरलं.

"तसं नाही," साइमी म्हणाली. "ओढ आणि सोड. हिला लाड चालत नाहीत."

त्यानं ओढून सोडलं. पाच गोळ्या, सावकाश. मी पुठ्ठा आणला, काटा लावला आणि म्हणालो, "तीनला केसभर कमी." साइमीनं डाव्या हातानं, तिच्या त्या वाकड्या अक्षरात, पुठ्ठ्यावर तीन लिहिलं.

स्टेनबर्गनं डोळे बारीक केले. "रेइनो तर तीनला थोडं कमी म्हणाला. पावणेतीन लिही की."

"तीनला केसभर कमी म्हणाला तो. पावणेतीन कुठून काढलेस? तीन आहे, वेर्नर," साइमी म्हणाली, आणि पुठ्ठा त्याच्या हातात दिला.